पिंपळगाव राजात, बाळंतिणीसाठी आंबील

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं, तेव्हाचा हा प्रवास. निघालो होतो काळजीने. धाकटी बहीण सुशीला पिंपळगाव राजाला सासरी बाळंत झाली होती आणि तिला काही खाता येत नसल्याचा निरोप आला. आई म्हणाली, "सुधारली नाही तर बाळासकट घेऊनच ये."

नाशिकहून पॅसेंजरने नांदुऱ्याला उतरलो. तुम्ही जाणार असाल तर इथेच पोटभर खाऊन घ्या; पुढच्या एसटीचा भरवसा नसतो. स्टेशनबाहेर चार आण्यांत गरम भजी आणि चहा झाला. पुढे दोन्ही बाजूंना कपाशी आणि अंगभर धूळ.

सुशीलाच्या ओठांचे कोपरे फाटले होते, जीभ लालभडक. भाकरीचा घास तोंडात धरून ती रडत होती आणि दूध पुरत नाही म्हणून बाळही. डॉक्टरांनी ब जीवनसत्त्व कमी पडल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या. जोडीला ज्वारीची आंबवलेली आंबील द्या, म्हणाले होते.

तिथेच अडलं. तिच्या सासूबाई, गोदामावशी, म्हणाल्या, "बाळंतिणीले आंबट? लेकराले बाधलं तं? माह्या घरात आजवर देल्लं नाही."

"मग मी तिला घेऊन जातो, मावशी."

त्या संध्याकाळी गोदामावशींनी ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून चुलीजवळ झाकून ठेवलं. सकाळी ते शिजवून, ताक-जिरं घालून पातळ केलं आणि वाटी देवापुढे ठेवली. तिकडे आंबील होते ती भादव्यात, महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला. शेजारीण डोकावलीच. "काऊन वं गोदा, महालक्ष्म्या आजच?"

"माह्या घरी आल्या. तुह्या घरी भादव्यात येतीन!"

मग वाटी सुशीलाच्या हातात देत म्हणाल्या, "घे. परसादाले आंबट म्हनत नाही."

मग रोज नैवेद्य, रोज प्रसाद. कोमट आंबील तोंडाला झोंबत नव्हती. मी निघालो त्या दिवशी सुशीलाने भाकरीबरोबर ठेचा मागितला आणि सासूचा ओरडा खाल्ला.

गोळ्यांनी किती केलं आणि आंबिलीने किती, मला सांगता येणार नाही. आपला नेम न मोडता सुनेसाठी वाट काढणाऱ्या त्या बाईंचं ऋण मात्र अजून वाटतं.

नाशिकला आई दारातच होती. "एकटाच आलास?"

"ठेचा मागतेय ती," मी म्हणालो.

आईने बाळंतिणीसाठी घालून ठेवलेली बाज हसत हसत उभी करून भिंतीला टेकवली.