हातावरचं ॲसिड

आम्ही खानापूर तालुक्यातले गलाईवाले. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी आटवून, ॲसिडात घालून शुद्ध करायचं काम. त्यापायी आमच्या सांगली जिल्ह्याची माणसं देशभर पांगलीत. माझं दुकान आसामात. त्या दिवशी पहाटे भट्टीपुढं होतो आणि थोरल्या भावाचा फोन आला.

"आई गेली रं. नीघ तू. दिवस मावळायच्या आत पोच."

आमच्यात बापाला थोरला अग्नी देतो, आईला धाकटा. धाकटा मीच. भाऊ फौजेतनं रिटायर झालेला, त्याचं सांगणं म्हणजे हुकूम. अंगावरच्या कपड्यांनिशी दुकानातली बॅग उचलली आणि विमानतळ गाठला. मधे एका ठिकाणी उतरून चार तास थांबायचं, मग कोल्हापूरचं विमान. तिथनं गाव दोन तासांवर.

ते चार तास काही केल्या सरेनात. तिकिटं दोन वेगवेगळी, म्हणून बाहेर येऊन पुन्हा पहिल्यापासनं आत जायचं होतं, आणि कोल्हापूरचा काउंटर उघडेना. दर अर्ध्या तासानं भावाचा फोन. "कुठं आलास?" मी म्हणायचो, "हितंच हाय अजून." तिकडं पाहुणे जमले होते, तिरडी बांधून झाली होती, सगळं माझ्यासाठी खोळंबलं होतं. रडायचीसुद्धा चोरी, समोर माणसं मजेत सामोसे खात बसलेली.

शेवटी तपासणीच्या रांगेत लागलो तेव्हा हातात तासभर होता. तिथल्या जवानानं एका फडक्यानं बॅग पुसली, माझे तळहात पुसले आणि फडकं स्फोटकं हुडकायच्या मशीनमध्ये घातलं. मशीन वाजलं. त्यानं माझी बोटं बघितली. आम्हा सगळ्यांची असतात तशी, पिवळी पडलेली.

"ये क्या है?"

"कुछ नहीं साहब, ॲसिड है," मी म्हणालो.

आमच्याकडं हा शब्द मीठ-मिरचीसारखा, दिवसातनं शंभरदा तोंडात येतो. तिथं मात्र मागची रांग चार पावलं सरकली आणि दोघं जण माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. मला बाजूच्या खोलीत नेलं. बूट, पट्टा, बॅगेचं अस्तर, सगळं उलटंपालटं केलं. मी गलाई म्हणजे काय ते माझ्या मोडक्या हिंदीत सांगत होतो, आणि जितकं सांगावं तितके त्यांचे प्रश्न वाढत होते. शेवटी माझं डोकं फिरलं. आई तिकडं अंगणात ठेवलीया आणि तुम्ही माझे मोजे काय हुंगताय, म्हणून मी टेबलावर हात आपटला. झालं, त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेब येईपर्यंत वीस मिनिटं गेली. माणूस भला होता, दुकानाचे फोटो बघितले, सोनारांना फोन लावला आणि सोडलं. त्यांचं काही चुकलं नाही, असं आज म्हणतो. तेव्हा एकेकाचा गळा धरावासा वाटत होता.

बूट हातात घेऊनच पळालो. दार बंद झालं होतं. काचेतनं विमान दिसत होतं, तरी दारावरची पोरगी म्हणाली, आता काही करता येणार नाही, पुढचं उद्या.

भावाला फोन लावला. "उचला तिला. तुमीच द्या अग्नी. उद्यापतूर ठेवू नका."

तो ओरडेल असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, "थांब. तिच्या कानाशी फोन धरतो. काय बोलायचं ते बोल."

तिकडं बायका रडत होत्या, कुणीतरी त्यांना गप्प केलं. रोज दुकान बंद करून तिला फोन करायचो, तेव्हा पहिलं जे विचारायचो तेच तोंडातनं गेलं.

"आये, जेवलीस का?"

आणि ती काय म्हणते ते ऐकायला मी थांबलो.