पालथं पडून पाहायचा कडा

ताज्या बर्फाला वास नसतो असं मला वाटे. पण त्या सकाळी आयर्लंडमधल्या कोमेरा डोंगराच्या सपाट माथ्यावर, ओल्या लोकरीच्या आणि थर्मासातल्या आल्याच्या वासात मिसळलेला एक थंड, लोखंडी गंध मला प्रथमच जाणवला. वॉटरफोर्डला माझ्याकडे महिनाभर राहायला आलेल्या बाबांना नकाशावरची उंची पाहून हसूच आलं होतं. "हा डोंगर? अगं, कळसूबाईच्या निम्मा!"

इथल्याच डोंगरांत वाढलेली मेव्ह, माझी रुग्णालयातली सहकारी, मात्र हसली नाही. वाटेत थांबून थांबून ती बर्फात काठी खुपसून पाहत होती. वर टणक पापुद्रा, खाली साखरेसारखा भुसभुशीत थर. "असा थर उतारावर निसटतो," ती म्हणाली, "आपण सपाटीवरूनच जाऊ." आयर्लंडमध्ये कुठला आलाय हिमप्रपात, असं मी मनात म्हटलं, हे कबूल करायला हवं.

माथ्याच्या टोकाशी पोहोचल्यावर कड्याखालचं काळंभोर तळं पाहायला बाबांनी पाठीवरची सॅक उतरवली आणि पालथे पडून काठाकडे सरकू लागले. कडा उभ्याने पाहायचा नाही, पोटावर झोपून पाहायचा आणि मागे कुणीतरी घोटे धरायचे, ही शहाणी रीत लहानपणी कोकणकड्यावर त्यांनीच मला शिकवली होती. पण तिथे पोटाखाली कातळ असतो.

"थांबव त्यांना!" मेव्ह ओरडली. "तिथे खाली दगड नाही, वाऱ्याने रचलेला नुसता बर्फाचा छज्जा आहे!"

मी बर्फात अंग झोकून दिलं, बाबांचे घोटे पकडले आणि जीव खाऊन मागे ओढलं. त्यांच्या हातमोज्यांपुढे एक निळसर रेघ उमटली आणि अंगणाएवढा तुकडा निमूट खाली गेला. आवाज नंतर, फार खालून आला. मी बाबांवर इतकी ओरडले, जितकी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. आणि मग रडू लागले.

मेव्हने थर्मासातला चहा ओतून बाबांच्या हाती दिला.

"कोकणकड्यावर कितीदा गेलो गं," ते हळूच म्हणाले. "पण तुम्हा पोरांचे घोटे धरण्यात माझं खाली बघायचं राहूनच गेलं."

त्यांचे घोटे कुणी धरायचे, हे आम्हा भावंडांपैकी कुणीच कधी विचारलं नव्हतं. माझे हात अजून त्यांच्या घोट्यांवरच होते.