डासाच्या पोटातला झुला

मी रागीट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. नाटकांचे मुखवटे आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचे पडदे रंगवून पोट भरते, आणि सकाळी पेपर उघडला की ब्रश फेकून मारावासा वाटतो. घरात नऊ वर्षांची लेक. तिच्यासमोर रोज उठून ‘सगळे चोर आहेत’ म्हणावं तर पोर कोमेजते, न म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं होतं.

त्या वर्षी तर चोरी थेट दारात आली. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत पोरांचं मैदान होतं. झुला, घसरगुंडी. तान्ह्या पोळ्याला पोरं आपापले लाकडी बैल सजवून तिथेच आंब्याच्या तोरणाखाली ओळीत उभे करायची. उन्हाळ्यात त्याला चहूबाजूंनी पत्रे ठोकले गेले. आत लग्नाचं लॉन होणार होतं, आमच्या भागातल्या नेत्याच्या मेव्हण्याचं. त्या नेत्याला सगळे भाऊ म्हणतात. आम्ही अर्ज दिले, महापालिकेतल्या साहेबांच्या केबिनबाहेर ताटकळलो. झालं काय? डोंबल!

“मंग माहा बैल कुठं उभा राहीन?” लेकीनं विचारलं.

आणि मला एकदम सुचलं. बडग्या! आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, रोगराई-इडापिडा सोबत घेऊन जाणारी बाईची मूर्ती, आणि तिच्यासोबत बडगे. वर्षभर ज्यानं छळलं त्याचा पुतळा करायचा, वाजतगाजत मिरवायचा आणि जाळून टाकायचा. गल्लीच्या मंडळाला मी सांगून टाकलं, यंदाचा बडग्या माझा. कुही गावाहून माझ्या सख्ख्या भावानं धानाची तणीस, म्हणजे पेंढा, पाठवली, बांबूच्या कमच्या आल्या, लेक कागदाच्या लगद्यात कोपरापर्यंत बुडाली. ढेरपोट्या माणूस करायचा, पांढरे कपडे, गॉगल. पोटाला दार, दाराआड गिळलेलं मैदान. दाराची कल्पना लेकीची. काय सांगू, इतकी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती!

मग भाऊंचा माणूस मंडळाच्या अध्यक्षांकडे चहा प्यायला आला. अध्यक्ष म्हणजे शेजारचे काका. माणूस भला, पण वारा येईल तिकडे पाठ फिरवणारा. चहा संपल्यावर ते माझ्याकडे आले.

“पोरी, यंदा बडग्याच्या गाड्याची दोरी ओढाले भाऊच येऊन राहिले. थो माणूस राहू दे. डास कर ना, डेंग्यूचा. कोणाले वाईट वाटत नाही.”

“डासाले वाटीन ना काका!” मी फणकारले. पण मंडळ त्यांचं, गाडा त्यांचा.

लेकीनं ब्रश खाली ठेवला. “आपण भेलो ना वं आई?” एवढंच म्हणाली आणि बैलाची झूल काढायला बसली. यंदा तो बाहेर काढायचाच नाही म्हणे. मैदान गेलं ते गेलंच, आता पोरीची उमेदही त्याच्यामागे चालली होती. ती गेली असती तर मला ती कोणत्याच लगद्यातून घडवता आली नसती.

दुसऱ्या दिवशी मी चरफडत डासाची सोंड वळत होते. लेक दारातून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“डास रक्त पेते, मंग त्याचं पोट फुगते. ह्यानं काय पेलं?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. अगं बाई! तोंड बदला म्हणाले होते, पोटाचं कोणी काही बोललंच नव्हतं. दार तर जागेवरच होतं. मग दोघी अशा खिदळत सुटलो की लगद्याची बादली लवंडली.

मारबतीच्या सकाळी ढोलांनी छाती थरथरत होती. भाऊ आले, “वा, आरोग्याचा संदेश!” म्हणाले, फोटो काढवून घेतले आणि दोरी खांद्यावर टाकून निघाले. काका खूश. चौकात गर्दी दाटली तशी लेकीनं दाराची सुतळी ओढली. पोटाचं दार उघडलं. आत छोटी घसरगुंडी, हलणारा झुला, आणि भोवती पत्रे.

मग गल्लीतली पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली, “मैदान गिळणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!”

अख्खा चौक हसला! बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. आणि भाऊ? त्यांना पाठीमागचं दिसतच नव्हतं. ते आपले ओढतच होते! काकांनी कपाळाला हात लावला होता, पण त्यांचेही खांदे हलत होते. शेवटी भाऊंनी वळून बघितलं. दोरी सोडावी तर कबुली, धरावी तर फजिती. थोडं अंतर तशीच ओढली, मग फोन कानाला लावून गाडीत जाऊन बसले.

मिरवणूक संपल्यावर बडगे जाळले. आमचा डास धडाडून पेटला, तेव्हा लेक शेजारी नव्हती. शोधते तर ती गर्दीतून आली, पाठीमागे काहीतरी लपवत.

“झुला काढून घेतला मी.”

“काहून वं?”

“डास जळू दे. झुला तर आपला आहे ना? मैदान भेटल्यावर पाहाले लागीन, कसा होता ते.”

मिळालं तर नाही, मिळाल्यावर! मला तिथेच रडू आलं, आणि हसूही.

त्याच संध्याकाळी तान्हा पोळा असतो; तिनं बैलाला पुन्हा झूल चढवली, गळ्यात तो झुला अडकवला आणि मला ओढत मैदानाकडे नेलं. पत्रे होते तिथेच होते. त्यांच्यापुढे पोरं बैल घेऊन ओळीत उभी होती, आणि काका स्टुलावर चढून पत्र्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधत होते.