कोण्या देशाचा कायदा लावू?

"वर्ण काय लिहू?" असं कोणताही टायपिंगवाला विचारतो. आमचे सक्करदऱ्याचे झेरॉक्सवाले भाऊ विचारायचे, "वर्णाले कोण्या देशाचा कायदा लावू?"

लग्नाचे बायोडाटे टाइप करणं हा त्यांचा धंदा, आणि गोऱ्यांच्या देशांतले जुने वर्णभेदाचे कायदे वाचणं हे व्यसन. गिऱ्हाईक नाव, शिक्षण सांगत रंगाच्या ओळीपाशी आलं, की हे कीबोर्डवरून हातच काढून घेत. "अमेरिकेत काही राज्यांत काळ्या रक्ताचा एक थेंब निघाला तरी माणूस काळा. गोरीशी लग्न केलं त जेल. तुमच्या खानदानाची हमी देता काय?" आता बायोडाटा करायला आलेला माणूस कसली हमी देणार, तुम्हीच सांगा.

एकदा एका टकल्या वरबापाच्या डोक्यावर त्यांनी पेन्सिल ठेवली. ती घरंगळून खाली पडली. "दक्षिण आफ्रिकेत अशीच परीक्षा घेत. केसात अडकली त काळा, पडली त गोरा. तुम्ही पास झाले." तो बिचारा खूश झाला. हसून हसून आमचं पोट दुखलं.

मग माझी पाळी आली. माझ्या लेकीला तीन स्थळांनी रंगावरून नाकारलं होतं. तिला घेऊन गेलो आणि भाऊंच्या कानाशी लागलो, "निमगोरी टाका." निमगोरी कसली, पोर थेट माझ्यावर गेलेली, चांगली काळी. पण माझी अक्कल चरायला गेली होती.

"पोरीले इचारलं काय?"

"तिला काय विचारायचं?"

"तिकडच्या सरकारनं बी काळ्यायले नव्हतं इचारलं. ते त परके होते, भाऊ. तुम्ही बाप आहा." ते खुर्चीवरून उठले. "बस वं माय, तूच लिही."

लेक बसली. एका बोटानं अक्षर शोधत तिनं टाइप केलं, "वर्ण : बाबांसारखा."

मला इतकी लाज वाटली, आणि त्याहून जास्त तिची माया आली. भाऊंनी विचारलं, "बदलू काय?" मी म्हटलं, "राहू द्या."

त्याच कागदावर सावनेरचं स्थळ जमलं. पहिली पत्रिका भाऊंनाच द्यायची, असं लेकीनं बजावलं होतं. गेलो तर शटर बंद. शेजारचा म्हणाला, भाऊ बेसा गावी मुलाकडे गेले होते, तिथंच परवा वारले.

पत्रिका शटरखालून आत सरकवली. घरी लेक दारातच उभी होती. "काय म्हणाले भाऊ?" तिनं विचारलं.