करंजीचा खिसा

नलूमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी बाळकुमच्या माझ्या स्टुडिओत दोन सहायकांपुढे भाषण ठोकत होतो. विषय गंभीर होता, जाकिटाला करवंटीची बटणं लावावीत की पितळेची. तिच्या मुलीचा, मंगलचा मेसेज आला, ‘आई सकाळी गेली. तू सवडीने ये.’ ते ‘सवडीने’ बरोबर वर्मी लागलं. कित्येक महिने मी मावशीला फोनवर ‘सवडीने येतो’ हेच सांगत होतो...

नलूमावशी माझ्या आईची मैत्रीण. आधी ब्लाउज शिवायची. गुडघ्यांनी शिलाई मशीन सोडायला लावलं, तेव्हा तिने डोंबिवलीत मिसळ-थालीपिठाचं चार टेबलांचं दुकान टाकलं. हाताची खोड मात्र गेली नाही. तिने दुकानातल्या खुर्च्यांनाच कपडे शिवले. एकीला नऊवारीचा काष्टा, एकीला शाळेचा गणवेश आणि दाराजवळच्या खुर्चीला काळा कोट, गळ्याला दोन पांढऱ्या पट्ट्या. ‘ते वकीलसाहेब. बसायच्या आधी परवानगी घ्यायची,’ असं ती गिऱ्हाइकांना दटावायची. मग ठाण्याच्या कोर्टात दिवसभर ताटकळून आलेला माणूसही हात जोडून ‘बसू का साहेब?’ म्हणायचा आणि हसायचा. टोपीवर झिंगा नि किटलीच्या आकाराची पर्स अशा थाटाच्या बड्या फॅशन शोमध्ये मी अदबीने टाळ्या वाजवल्या आहेत. पोट धरून हसलो तो मावशीच्या दुकानात.

तिच्या ॲप्रनचा खिसा करंजीच्या आकाराचा होता. कडेला हाताने घातलेली मुरड, आत चमचे.

‘मावशी, हे काय?’

‘करंजी. चमच्यांचं सारण भरलंय.’

तो खिसा मी उचलला. दुसरा शब्द नाही. रेशमी जाकिटावर, दोन्ही बाजूंना, रॅम्पवर. नंतर मुलाखतीत विचारलं गेलं, ही गंमत सुचली कुठे? मी छातीवर हात ठेवला, पुरेसा थांबलो (थांबणं मला छान जमतं) आणि म्हणालो, ‘माझ्या भुकेत.’ टाळ्या. पुरवणीत फोटो.

पंधरा दिवसांनी मी चोरासारखा दुकानात गेलो, तर तो फोटो गल्ल्यामागे फ्रेम करून लावलेला. मावशीने माझ्यापुढे थालीपीठ ठेवलं आणि हळूच म्हणाली, ‘मुरड उलटी घातलीस रे. मुलगी चालायला लागली की सारण सांडेल.’

तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हणालो, ‘तिकडे तशीच चालते, मावशी.’

शेजारच्या टेबलावर रोजचे एक काका होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग तिच्या ॲप्रनकडे. ‘काय हो, ह्याचं बघून शिवलंत वाटतं?’

मावशीने माझ्याकडे पाहिलं. वाट पाहिली... मी लोण्याच्या गोळ्याकडे बघत बसलो.

‘हो तर,’ ती म्हणाली. ‘आमचा मुलगा आहे. त्याचं डोकं भारी.’

मी दोन थालीपिठं खाल्ली. त्यानंतर तिकडे फिरकलो नाही.

तेराव्यानंतर गेलो. दुकान सुरू होतं. फोटो जागेवर, शेजारी खिळ्याला ॲप्रन, खिशात चमचे. मी दाराजवळच्या खुर्चीवर टेकणार, एवढ्यात मंगल आतून ओरडली, ‘ए, परवानगी घेतलीस का?’

मी उभा राहिलो. वकीलसाहेबांना हात जोडले आणि भरल्या दुकानात, माझ्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं की, तो खिसा नलूमावशीचा होता, मी चोरला, आणि तिच्यासमोर गप्प बसलो. आवाज शेवटपर्यंत खणखणीत राहिला नाही.

कोणी दचकलं नाही. ते काका पाव मोडत म्हणाले, ‘माहीत आहे हो. ॲप्रन आम्ही आधीपासून बघतोय. त्या दिवशी मी मुद्दाम विचारलं होतं.’

‘तू गेल्यावर आई चिडली त्यांच्यावर,’ मंगल म्हणाली. ‘सगळ्यांना दम दिलेला, तो आला की खिशाचा विषय काढायचा नाही, त्याला घास जाणार नाही.’

तिने खिळ्यावरचा ॲप्रन काढून कमरेला बांधला, करंजीतून एक चमचा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

‘बस आता. साहेब नाही म्हणत नाहीत कोणाला.’