कॅलेंडरमागची भिंत

अंगणवाडीतला पंखा सुरू झाला तसं भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं आणि त्याच्यामागे पेन्सिलीने लिहिलेली नावं दिसली. मी जवळ जाऊन पान वर उचललं. प्रत्येक पोराच्या नावापुढे महिना आणि वजन होतं. एका मुलीचं वजन तीन महिने तिथल्या तिथेच होतं. तिच्या नावाखाली दोनदा रेघ ओढली होती.

इथल्या सेविका सुनंदाताई पोरांना खिचडी वाढत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि पुढच्या ताटलीत डाव रिकामा केला.

काही वर्षांपूर्वी याच खोलीत मी अधिकारी म्हणून त्यांना नोंदींचं ॲप असलेला सरकारी मोबाईल दिला होता. 'लिहायची कटकट संपली, ताई,' असं म्हणून त्यांची सगळी रजिस्टरं जमा करून नेली होती. तसा आदेशच होता, आणि माझा त्यावर विश्वासही होता. मग वरून नवं ॲप आलं, जुनं बंद झालं, आणि जुन्यातल्या नोंदी नव्यात आल्याच नाहीत. त्या कुठे गेल्या, हे कुणी विचारलंही नाही. नव्याचं उद्घाटन मात्र थाटात झालं. फोटोत मीसुद्धा आहे.

फसवणारा माणूस मनात काही धरून फसवतो, असं मला वाटायचं. या नोंदी बुडाल्या, त्यात तसं कुणीच नव्हतं. सगळे मीटिंगला वेळेवर येत होते.

"ताई, एखादं रजिस्टर ठेवा ना पुन्हा," मी म्हणालो.

सुनंदाताईंनी येऊन माझ्या हातातलं पान सोडवलं आणि कॅलेंडर नीट बसवलं.

"रजिस्टर तुम्ही परत न्याल, सर. भिंत कशी न्याल?"