ड्रायरवर बाबांचा हात

बाबांना लकवा मारला तेव्हापासून आमच्या घरी रोज तीन-चार चादरी धुवाव्या लागतात. चादरींचं काम माझ्याकडे आहे. बायको सकाळच्या एसटीने शाळेत शिकवायला जाते. त्याआधी स्वयंपाक, डबे आणि बाबांच्या गोळ्या ती बघते. मी इथे तुमसरातच एका कचेरीत कारकून आहे, थोडा उशीर झाला तरी निभतं. म्हणून बाबांना पुसणं, कूस बदलणं, खालची चादर ओढून काढणं आणि मशीन लावणं हे माझं. तक्रार म्हणून सांगत नाही. पण माणूस थकतो. रविवारीसुद्धा डोळे उघडले की पहिला विचार येतो, आज किती भिजल्या असतील.

मशीन जुनं, दोन डब्यांचं. एकात कपडे धुवायचे आणि मग ते ओलेगच्च उचलून शेजारच्या ड्रायरमध्ये घालायचे. उन्हाळ्यात ड्रायरकडे कोणी बघतही नाही. पावसाळ्यात मात्र मागच्या पडवीतल्या दोरीवर चादर दोन दिवस लोंबते आणि तरी कुबट वास सोडत नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, ओलं अंथरूण पाठीला लागू देऊ नका, एकदा जखम झाली की भरणार नाही.

आणि ऐन भाद्रपदात ड्रायर बिघडला. बटण फिरवलं की आत कोणी हातोडा घेऊन बसल्यासारखा धाड धाड आवाज यायचा. अख्खं मशीन फरशीवर वीतभर सरकायचं. मी आधी चादर काढून नीट गोल घडी करून घातली, वरून जाळीची चकती दाबली. आवाज तोच. मग मशीनच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. मग डब्याच्या फटीत हात घालून चाचपलं, एखादा हातरुमाल अडकला असेल म्हणून. एक केसांची क्लिप निघाली, तीही गंजलेली. आवाज तोच.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. "आज येतोच भाऊ," तो म्हणाला. तीन दिवस तो रोज आज येत होता. तीन दिवस मी चादरी हाताने पिळल्या. एक टोक नळाला बांधायचं, दुसऱ्या टोकाकडून पीळ घालत जायचं. मनगटं इतकी भरून आली की कचेरीत शिक्का मारताना हात थांबायचा.

चौथ्या दिवशी सकाळी मी पुन्हा एकदा ड्रायर चालवून पाहिला. धाड धाड सुरू झालं. बाबांची खाट मागच्या दाराशी आहे, तिथून पडवी आणि मशीन दिसतं. ते बघत होते.

"काय होऊन राहिलं मशीनले?" त्यांनी विचारलं. लकव्यानंतर त्यांची जीभ थोडी जड झाली आहे, पण समजतं.

"आवाज येते, बाबा," मी ओरडून सांगितलं. ओरडावंच लागतं. बाबांनी उभी हयात राइस मिलमध्ये फिटर म्हणून काढली. मिलच्या घरघरीने त्यांचे कान लकव्याच्या कितीतरी आधीच गेले होते.

"सुरुवातीले येते का चालताना येते?"

"येते, बस! कधी येते ते मी कायले पाहू?"

"पाह्यल्याशिवाय कसं समजन? मले तिथं ने."

तेवढ्याने माझा तोल गेला. कमरेत कळ होती, हात ओले होते, कचेरीची वेळ होत आली होती. मी म्हणालो, "तुमाले आयकू येत नाही. तिथं येऊन काय करान?"

शेजारच्या अंगणात भांडी घासण्याचा आवाज थांबला. मी ओरडूनच बोललो होतो, सगळ्यांनी ऐकलं असणार. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आयकू नाही येत, मालूम हाय मले. हात तं हाय न एक."

मी प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं आणि खुर्चीत बसवलं. खुर्ची फरशीवरून ओढत मशीनपाशी नेली. त्यांनी डावा, चांगला हात ड्रायरच्या पत्र्यावर पसरून ठेवला आणि मानेने खूण केली. मी बटण फिरवलं. पत्र्याबरोबर त्यांचा हात थडथड उडाला. मग वेग वाढला तसा धक्का कमी झाला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी दरवेळी घाबरून लगेच बंद करत होतो. बंद केल्यावर वेग उतरताना पुन्हा धाड धाड.

"चालता चालता सरळ होते," बाबा म्हणाले. "बेअरिंग नाही गेलं. मागचा नट ढिला झाला असन. खोल."

मी प्लग काढला आणि मागचा पत्रा खोलला. नट शोधले, पाना लावला. सगळे घट्ट.

"ढिले नाहीत, बाबा."

त्यांचा चेहरा पडला. इतका पडेल असं मला वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मंग काय काय हाय तिथं? सांग मले."

मी टॉर्च मारून दिसेल ते सांगत गेलो. मोटर. पट्टा नाही. मोटरच्या खाली तीन स्प्रिंगा.

"तिन्ही उभ्या हायेत का?"

भिंतीकडची एक उभी नव्हती. पाणी झिरपून झिरपून गंजली होती आणि मधोमध तुटून आडवी पडली होती. मोटर त्या अंगाला कलली होती, म्हणून फिरणारा डबा बाहेरच्या डब्याला ठोकर मारत होता. मी तुटका तुकडा काढून बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो अंगठ्याने पुसला, निरखला आणि म्हणाले, "तिन्ही बदलव. बाकीच्या दोन बी आज ना उद्या जातीन."

स्प्रिंगा तुमसरात मिळाल्या नाहीत. शनिवारी तुटका तुकडा खिशात घालून भंडाऱ्याला गेलो, दोन दुकानं फिरलो, तिसऱ्यात मिळाल्या. येताना एसटीत उभंच राहावं लागलं.

रविवारी बसवायला घेतल्या. बायको एका फळीने मोटर उचलून धरत होती, मी खाली आडवा पडून स्प्रिंग सरकवत होतो आणि बाबा खुर्चीतून टॉर्च दाखवत होते. उजेड सारखा हलत होता.

"हलवू नका न, बाबा!"

"मी नाही हलवत. हात हलते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी उजेड स्प्रिंगवर येईल तेवढ्यापुरतं बघत काम पुरं केलं. मग पत्रा लावला, ओली चादर आत घातली, बटण फिरवलं. नुसती घूं घूं. बाबांनी हात ठेवला तो ड्रायर थांबेपर्यंत उचललाच नाही.

तेव्हापासून एक काम वाढलं. रोज सकाळी मशीन लावायच्या वेळी बाबांना ड्रायरपाशी जायचं असतं. "मले ने, पाहून घेतो," म्हणतात. त्यांना उचलणं, ओढत नेणं, परत आणून निजवणं यात माझी अर्धी सकाळ जाते आणि कंबर दिवसभर बोलते.

मागच्या आठवड्यात एक दिवस मी खोटं बोललो. मागचं दार लोटून ड्रायर लावला आणि त्यांना ओरडून सांगितलं, "आज मशीन नाही लावली, बाबा." ड्रायरची घूं घूं त्यांना ऐकू तर येत नाहीच. त्यांनी मान हलवली. अर्ध्या तासाने दार उघडून मी ड्रायरमधून पिळून निघालेल्या चादरी त्यांच्या डोळ्यांसमोर दोरीवर टाकत होतो, तेव्हा आपलं खोटं उघडं पडल्याचं माझ्या ध्यानात आलं. मी मागे वळून पाहिलं. ते चादरींकडे बघत होते. काही बोलले नाहीत. जेवतानाही नाही, संध्याकाळीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हणायच्या आधीच मी खुर्ची आणली. कंबर दुखतच होती.